कागदावरचा लंबगोल

कपाटाचं पहिलं दार वाळल्यावर मी ते खिडकीशी तिरकं धरलं आणि त्यावर तीन वेगवेगळे दोष एकदम दिसले. वरच्या भागात रंगाचा पोत संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत. कडीच्या खाली दोन ओघळ, बोटभर लांब, टोकाला थेंब गोठलेला. आणि मधोमध मोहरीएवढ्या खळग्यांची एक पट्टी. प्रत्येक खळग्याच्या तळाशी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, उघडा पडलेला. रंग एकच, फवाऱ्याची गन एकच, हात एकच, मग एकाच दारावर तीन तऱ्हा कशा? त्याचं उत्तर शोधण्यात माझे पुढचे दोन महिने गेले.

कपाट लोखंडी, जुनं, दोन दारांचं. ब्रशने रंगवता आलं असतं, पण सपाट पत्र्यावर ब्रशच्या रेघा राहतात आणि त्या मला नको होत्या. म्हणून स्प्रे गन घेतली. वर कप असलेली, म्हणजे रंग आपल्या वजनानेच खाली उतरतो ती. एचव्हीएलपी प्रकारची, १.४ मिलिमीटर नोझलची. या प्रकारात हवा भरपूर लागते आणि दाब कमी असतो; गनच्या तोंडावरच्या टोपीत, म्हणजे एअर कॅपमध्ये, तो १० पीएसआयच्या (दाबाचं एकक) वर जात नाही. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये जोराच्या हवेमुळे बराच रंग वस्तूवर न बसता धुक्यासारखा आजूबाजूला उडतो. एचव्हीएलपी गनमध्ये निदान ६५ टक्के रंग वस्तूवर बसायला हवा, असं मानलं जातं. मला लहान जागेत काम करायचं होतं, त्यामुळे ही निवड योग्यच वाटली.

‘हवा भरपूर’ हे मी वाचलं होतं, पण त्याचा हिशेब केला नव्हता. गनबरोबरच्या माहितीपत्रकात मिनिटाला १२ घनफूट हवा लागते असं छापलेलं होतं. माझा कॉम्प्रेसर २ हॉर्सपॉवरचा, ५० लिटर टाकीचा. तो प्रत्यक्षात मिनिटाला सहा-सात घनफूट हवा देतो. टाकी भरलेली असते तोवर सगळं छान चालतं. अर्धं दार होईपर्यंत टाकी उतरते, दाब घसरतो, रंग बारीक फुटत नाही आणि मोठे थेंब पत्र्यावर बसून, एकमेकांत मिसळायच्या आत वाळू लागतात. मी दार खालून वर मारत गेले होते. म्हणून साल वरच्या भागात आली. हा पहिला उलगडा मला एकटीला झाला, तोही प्रेशरच्या काट्याकडे बघत पाण्याने नुसती रंगीत तालीम केली तेव्हा.

बाकीचे दोन उलगडे काकांमुळे झाले. काका म्हणजे माझ्या ओळखीतले एक निवृत्त पेंटर. आयुष्यभर त्यांनी गाड्या रंगवल्या. मी दार दाखवलं. त्यांनी खळग्यांवरून अंगठा फिरवला आणि गनकडे न बघता थेट कॉम्प्रेसरपाशी गेले. टाकीच्या पोटाखालचा छोटा कॉक सोडला. आतून दुधाळ, तपकिरी पाणी फसफसत बाहेर आलं, वाटीभर तरी असेल.

“अगं, हे कधी काढलंस का?”

“नाही काका. तिथे कॉक आहे हेच मला माहीत नव्हतं.”

“मग हे सगळं तुझ्या दारावर गेलं.”

हवा दाबली की ती तापते आणि टाकीत गार होताना तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाशी साठते. हे शाळेत शिकले होते. पण तेलावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमध्ये पिस्टनचं थोडं तेलही हवेबरोबर येतं आणि पाण्यात मिसळतं. तो दुधाळपणा त्याचा. तेलाचा अगदी सूक्ष्म थेंब पत्र्यावर बसला तरी ओला रंग त्याच्यापासून मागे सरतो आणि मध्ये खळगा राहतो. पेंटर याला फिश आय म्हणतात. एकदा ते आले की वरून कितीही रंग मारला तरी बुजत नाहीत, कारण तेल तिथेच असतं. वाळू द्यायचं, घासायचं, पुसायचं आणि पुन्हा सुरुवात.

मी पाणी अडवणारा फिल्टर आणला आणि सोयीचं म्हणून कॉम्प्रेसरच्या तोंडालाच बसवला. काकांनी तोही काढायला लावला. कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा गरम असते, तिच्यातलं पाणी अजून वाफेच्या रूपात असतं, आणि वाफ फिल्टरमधून सरळ निघून जाते. आधी हवा गार व्हायला हवी. म्हणून सात-आठ मीटर पाइप भिंतीवरून फिरवून घेतला आणि त्याच्या शेवटी फिल्टर लावला. फरक त्याच दिवशी दिसला, फिल्टरच्या काचेत पाणी जमताना. तेव्हापासून काम सुरू करण्याआधी टाकीचा कॉक सोडते आणि नुसती हवा स्वच्छ पांढऱ्या कागदावर मिनिटभर सोडून बघते. कागदावर डाग दिसला तर त्या दिवशी रंग नाही.

त्याच बैठकीत पाइपही बदलला. माझा आतून ८ मिलिमीटरचा होता, तो १० मिलिमीटरचा घेतला. दोन मिलिमीटरने काय होणार असं वाटलं होतं. पण अरुंद पाइपमध्ये दाब वाटेतच खर्च होतो. कॉम्प्रेसरवरचा काटा ४० दाखवत असला तरी गनपर्यंत तेवढा पोचत नाही. म्हणून काटा गनच्या मुठीपाशी असावा आणि दाब ट्रिगर ओढलेला असताना लावावा. ट्रिगर सोडलेला असताना दिसणारा आकडा काहीच सांगत नाही. माझ्या गनला मुठीशी २७ ते २९ पीएसआय लागत होते, आणि मी ते कॉम्प्रेसरच्या काट्यावर लावत होते.

ओघळांचं कारण साधं निघालं. थिनर मी अंदाजाने घातलं होतं. काकांनी स्वतःचा मापाचा कप आणून दिला: १०० मिलिलिटरचा, तळाला ४ मिलिमीटरचं भोक. कप भरायचा, बोट काढायचं, आणि खालची अखंड धार पहिल्यांदा तुटते तोवरचे सेकंद मोजायचे. माझा रंग ११ सेकंदांत उतरला, म्हणजे जवळजवळ पाणीच. त्या रंगाला १८ ते २२ सेकंद हवे होते. प्रत्येक रंगाच्या डब्यावर किंवा माहितीपत्रकात हा आकडा असतो, आणि तो ठरावीक तापमानाला मोजलेला असतो. गार सकाळी २० सेकंदांचा रंग दुपारी तापलेल्या खोलीत १६ वर येतो, थिनरचा थेंबही न घालता. त्यामुळे दर वेळी मोजायचं. मोजून झालं की कागदी गाळणीतून गाळूनच कपात ओतायचं. डब्याच्या काठावरची वाळलेली पापडी एवढीशी असली तरी नोझल बंद करायला पुरते.

एवढं सगळं झाल्यावर मला वाटलं, आता दार. काका म्हणाले, “आता कागद.”

भिंतीला मास्किंगचा मोठा कागद चिकटवला. गन एक वीत अंतरावर, कागदाला काटकोनात धरायची, ट्रिगर पूर्ण ओढायचा आणि लगेच सोडायचा. कागदावर एक उभा लंबगोल उमटतो. या कामात मला सगळ्यात जास्त कशाने शिकवलं असेल तर त्या डागाने. आधी मी दोष दारावर शोधत होते, तिथे सगळे एकात एक मिसळलेले असतात. कागदावर एकेक सुटा दिसतो.

गनला तीन स्क्रू. वरचा पंख्याचा, म्हणजे फवारा किती पसरेल त्याचा: तो बंद केला तर डाग गोल, उघडत गेलं की लांबट. मागचा रंगाचा: तो निडल, म्हणजे नोझलचं भोक बंद करणारी सुई, किती मागे सरकेल ते ठरवतो, म्हणजे किती रंग सुटेल ते. खालचा हवेचा. ट्रिगरलाही दोन टप्पे असतात. आधी नुसती हवा सुटते, आणखी ओढलं की निडल मागे जाते आणि रंग येतो. सोडतानाही आधी रंग थांबतो, मग हवा. हे लक्षात आल्यावर माझा हात बराच शांत झाला, कारण प्रत्येक पट्टीच्या शेवटी गन थुंकेल ही भीती गेली. या यंत्राचा एक पूर्वज दवाखान्यातला आहे, हेही मला तेव्हाच कळलं. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ॲलन डिव्हिल्बिस या डॉक्टरांनी १८८८ च्या सुमारास घशात औषधाचा फवारा मारायचं उपकरण केलं होतं. पुढे १९०७ मध्ये त्यांच्या मुलाने तेच तत्त्व रंगाला लावलं. वेगाने जाणारी हवा द्रवाला फोडून तुषार करते, ते काम आजही तसंच चालतं.

काकांनी मुद्दाम एकेक गोष्ट बिघडवून मला डाग वाचायला लावले. हवा कमी केली: लंबगोलाचं पोट गडद, टोकं फिकी. रंग घट्ट असला तरी असंच दिसतं. हवा वाढवली: डाग मधून आवळला आणि डमरूसारखा झाला, वर-खाली रंग, मध्ये जवळजवळ रिकामा. रंग फार पातळ असला तरी डमरू होतो. एअर कॅपवर समोरासमोर दोन टोकं पुढे आलेली असतात, त्यांना शिंगं म्हणतात; त्यातल्या एका शिंगाचं हवेचं भोक ओल्या रंगाने बुजवलं: डाग चंद्रकोरीसारखा वाकला. नोझलच्या कडेवर एका बाजूला रंग वाळू दिला: डाग एका टोकाला जड.

मग त्यांनी मला एक युक्ती दाखवली. डाग वाकडा येत असेल तर दोष एअर कॅपमध्ये की नोझलमध्ये, हे ओळखायला कॅप सैल करून अर्धा फेरा फिरवायची आणि पुन्हा कागदावर मारायचं. डागाचा वाकडेपणा उलट्या बाजूला गेला तर घाण कॅपमध्ये आहे. तिथेच राहिला तर नोझल किंवा निडल बघा. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि पूर्ण गन उघडणं वाचतं.

दुसरी चाचणी मला त्याहून आवडते. कॅपची दोन शिंगं एरवी डावी-उजवीकडे असतात आणि पंखा उभा पडतो. ती वर-खाली करून घेतली की पंखा आडवा होतो. मग हात न हलवता ट्रिगर ओढून धरायचा, रंग ओघळू लागेपर्यंत. सगळे ओघळ सारख्या लांबीचे आले तर रंग पूर्ण रुंदीत सारखा पडतोय. मधले लांब आले तर हवा थोडी वाढवायची किंवा रंग कमी करायचा. मी ही चाचणी अजून दर कामाआधी करते.

हात बसायला मात्र वेळ लागला. मनगटातून गन फिरवायची सवय असते. तसं केलं की पट्टीच्या मध्ये रंग जाड आणि टोकांना विरळ. मनगट घट्ट ठेवून खांदा आणि गुडघ्यांतून सरकायचं, गन पत्र्याला समांतर. अंतर १५ ते २० सेंटीमीटर. जास्त लांबून मारलं तर रंग हवेतच सुकून पत्र्यावर भुकटीसारखा बसतो, हात फिरवला की खरखर लागते. फार जवळून मारलं की ओघळ. हात कडेच्या बाहेर सुरू करायचा, कडेच्या बाहेर संपवायचा. पुढची पट्टी आधीच्या पट्टीवर अर्धी चढली पाहिजे. म्हणजे नेम आधीच्या पट्टीच्या खालच्या कडेवर धरायचा. मी आठवडाभर पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पाणी मारत होते. ओला पुठ्ठा गडद होतो आणि कुठे चुकलं ते लगेच दाखवतो, वाळला की पुन्हा वापरता येतो.

या सगळ्यात वेग शब्दांत सांगणं कठीण आहे. तो डोळ्यांनी ठरतो. दिवा बाजूला, खाली ठेवायचा आणि ओल्या रंगात त्याचं प्रतिबिंब बघत जायचं. प्रतिबिंब तुटक दिसलं तर हात जलद चाललाय. ते सरळ, अखंड झालं की पुढे सरकायचं. तिथेच रेंगाळलं की दोन मिनिटांनी ओघळ निघतोच.

मधल्या काळात मी गनही बदलली. कमी हवेत चालणारी, मिनिटाला चार-पाच घनफुटांची एलव्हीएलपी गन घेतली, कारण कॉम्प्रेसर बदलणं शक्य नव्हतं. तिचा पंखा थोडा अरुंद आणि काम थोडं हळू, पण अर्ध्या दारात हवा संपत नाही. पहिल्या गनला १.७ मिलिमीटरचा नोझल सेट बसवून ती प्रायमरला ठेवली. प्रायमर घट्ट असतो, त्याला मोठं भोक लागतं. सेट म्हणजे नोझल, निडल आणि एअर कॅप तिन्ही एकत्र. नुसतं नोझल बदलून जुनी निडल ठेवली तर ती नीट बसत नाही आणि गन गळते.

आता जे सांगणार आहे ते मला अजून खुपतं. इपॉक्सी प्रायमर हार्डनर घालून कालवला होता. एक हात झाला आणि मला एक महत्त्वाचा फोन आला. कपात बोटभर प्रायमर होता. बोलणं लांबलं, मग दुसरं काम निघालं, आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. हार्डनरचा माल थिनर उडून नुसता सुकत नाही, रासायनिक क्रियेने कडक होतो, आणि मग थिनर त्याचं फारसं काही करू शकत नाही. मी घाबरून दोन चुका केल्या. पूर्ण गन थिनरच्या डब्यात रात्रभर बुडवली. आणि शिंगांची भोकं तारेने टोकरली.

बुडवण्याने आतल्या सगळ्या वॉशर फुगल्या, वंगण धुऊन गेलं आणि विरघळलेली घाण हवेच्या वाटांत शिरली, जिथे एरवी रंग कधीच पोचत नाही. तारेने भोकाची कड किंचित ओरखडली. कागदावर चंद्रकोर आली, कॅप फिरवली, कोर उलटली. म्हणजे दोष कॅपमध्ये, आणि तो आता साफ करून जाणारा नव्हता. चांगली गन मी एका रात्रीत बिघडवली होती. वॉशरचा संच आणि नवा नोझल सेट बसवून ती पुन्हा चालू झाली, पण मुठीतून हवेची बारीक शिट्टी अजून येते.

तेव्हापासून शेवटची पट्टी संपली की आधी गन, मग बाकी सगळं. उरलेला रंग काढायचा, कपात थोडं थिनर घालून हलवायचं, कागदावर फवारायचं. थिनर नितळ येईपर्यंत तीन-चारदा. पाण्यात कालवायचा रंग असेल तर थिनरच्या जागी पाणी. मग मागचा स्क्रू आणि स्प्रिंग काढून निडल मागे ओढून काढायची. नोझल त्यानंतर. निडल आत असताना नोझल सोडलं तर निडलचं टोक आणि तिची बैठक एकमेकांवर घासली जाते. बसवताना उलटा क्रम: नोझल आधी, निडल नंतर. भोकांना मऊ नायलॉनचा ब्रश किंवा लाकडी काडी, धातूचं काहीही नाही. निडल मागून टोकाकडे पुसायची. शेवटी निडलची स्प्रिंग, ट्रिगरची खीळ आणि हवेच्या व्हॉल्व्हचा दांडा यांना एकेक थेंब गनचं वंगण. सिलिकॉनचं तेल चुकूनही नाही. ते रंगात गेलं तर फिश आय पुन्हा दारात हजर.

निडलभोवतीचा नट एकदा मी जास्त आवळला होता. निडल अडकली, ट्रिगर सोडला तरी रंग सुरूच, आणि घासून तयार केलेला फळ्यांचा एक पूर्ण संच खराब झाला. हाताने घट्ट, मग पान्याने अगदी थोडं. निडल स्प्रिंगच्या जोरावर झटकन परत आली पाहिजे. आणखी एकदा गन धापा टाकल्यासारखी थांबत थांबत रंग सोडत होती. मी नोझल दोनदा खोललं. दोष कपाच्या झाकणात होता: हवा आत येण्याचं टाचणीच्या डोक्याएवढं भोक वाळलेल्या रंगाने बुजलं होतं.

मास्कबद्दल मी कुणाशीही तडजोड करत नाही. साधा कापडी किंवा धुळीचा मास्क थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज आणि पुढे कणांचा फिल्टर, असा चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लागतो. पीयू (पॉलियुरेथेन) रंगांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा होऊ शकतो आणि नाकाला त्याची वर्दी वेळेवर मिळत नाही. त्याला बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. तशी सोय माझ्याकडे नाही, म्हणून पीयूची चकाकी कितीही आवडली तरी मी दारांना हार्डनर न लागणारा इनॅमलच मारला. कॉम्प्रेसरही दुसऱ्या खोलीत ठेवते. त्याच्या स्विचमधली ठिणगी आणि थिनरची वाफ एका जागी नकोत.

पहिलं दार मी पत्र्यापर्यंत घासलं. शेवटचा हात मारला तेव्हा दुपार होती. एक पातळ हात, १५ मिनिटं थांबून एक ओला हात, दिव्याची रेघ वरपासून खालपर्यंत अखंड. काका दारात उभे होते, काही बोलले नाहीत. मी गन धुतली, पुसली, निडलला तेलाचा थेंब दिला, आणि सवयीने थोडं थिनर घालून भिंतीवरच्या कागदावर एकदा ट्रिगर ओढला. ओला लंबगोल उमटला, दोन्ही टोकं सारखी. तो उडून जाईपर्यंत आम्ही दोघंही तिकडेच बघत होतो.